आत येतं, बाहेर जात नाही



मी फौजेतून कर्नल म्हणून निवृत्त झालो, त्याला आता बरीच वर्षं झाली. पायदळाचा माणूस. पदवी घेतली ती वनस्पतिशास्त्राची, म्हणजे कॉम्प्युटरशी संबंध शून्य. तरीही आज बोलणार आहे ते ऑफिसातून बाहेर न जाणाऱ्या ई-मेलबद्दल. कारण माझ्या एका न गेलेल्या मेलपायी एका बाईची फॅमिली पेन्शन अडीच महिने लांबली. ते कसं झालं आणि तुमच्याकडून तसं होऊ नये म्हणून काय बघायचं, एवढंच सांगतो.

निवृत्तीनंतर मी इथे बंगळूरला एका ऑफिसात प्रशासन आणि सुरक्षा बघत होतो. आउटर रिंग रोडवरची काचेची इमारत. पाणी प्यायला उठलं तरी गळ्यातलं कार्ड दाराला लावावं लागे. ही शिस्त मीच लावलेली, त्यामुळे तक्रार करायची सोय नव्हती.

माझ्या हाताखाली एक जवान होता, साताऱ्याकडचा. पेन्शनीत गेला, गावी शेती केली आणि एका पावसाळ्यात वारला. त्याच्या बायकोचं नाव सर्व्हिस रेकॉर्डमध्ये एक आणि आधार कार्डावर दुसरं. आपल्याकडे लग्नात नाव बदलायची पद्धत, आणि कागद मात्र ज्या त्या वेळचे. फॅमिली पेन्शनची फाइल तिथे अडकली. ही दोन्ही नावं एकाच बाईची आहेत, असं त्याला ओळखणाऱ्या एखाद्या अधिकाऱ्याचं पत्र जोडा, असं त्याच्या मुलाला सांगण्यात आलं. मुलाने मला शोधून काढलं. मी त्या माउलीच्या हातची भाकरी खाल्लेली. पत्र लगेच लिहिलं, सही केली, स्कॅन केलं आणि सोमवारी सकाळी अकराला ऑफिसच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवरून माझ्या खासगी खात्यातून पाठवून दिलं. 'सेंड' दाबलं, चहा मागवला, विषय संपला.

बुधवारी मुलाचा मेल आला, "साहेब, पत्राची वाट बघतोय." मी उत्तर टाकलं, "सोमवारीच पाठवलंय." गुरुवारी त्याचा फोन आला. "साहेब, अजून आलं नाही." मी जरा आवाज चढवूनच म्हणालो, "अरे, पाठवलंय म्हणतो ना! नीट बघ, स्पॅममध्ये बघ." फौजी आवाज होता, पोरगं गप्प बसलं. शुक्रवारी संध्याकाळी पुन्हा फोन. या वेळी तो रडवेला झालेला. त्या दिवशी फाइल पुढे जायची होती, पत्र नाही म्हणून परत फिरली.

तेव्हा कुठे मी मेलचा प्रोग्राम नीट उघडून बघितला. सोमवारचं पत्र 'आउटबॉक्स'मध्ये पडलेलं. बुधवारचं उत्तरही तिथेच, त्याच्या मागे रांगेत. आणि 'इनबॉक्स'मध्ये आठवडाभराचे सगळे मेल व्यवस्थित आलेले, त्या मुलाच्या मेलसकट. येणारं सगळं येत होतं, म्हणून जाणारंही जात असणार, असं मी धरून चाललो होतो.

खरी अडचण इथेच असते, म्हणून ती समजून घेऊ. फौजेत आम्हाला घरची पत्रं यायची ती '५६ एपीओ' नाहीतर '९९ एपीओ' अशा पत्त्यावर. युनिट कुठे आहे हे घरच्यांना कळायचं नाही, पण पत्र बरोबर पोचायचं. ही आर्मी पोस्टल सर्व्हिसची करामत. १ मार्च १९७२ पासून तिचं वेगळं कोअर आहे. आम्ही लिहिलेली पत्रं मात्र युनिटच्या टपालातूनच जायची. गावातल्या लाल पेटीत पत्र टाकायचं नाही, अशी आम्हाला ताकीद असे, कारण गावचा शिक्का बसला की युनिटचा ठिकाणा उघड. म्हणजे यायची वाट वेगळी, जायची वाट वेगळी, आणि दोन्हींचे नियमही वेगळे.

ई-मेलचंही अगदी तसंच आहे. कॉम्प्युटरच्या जाळ्यावर दारं असतात, त्यांना पोर्ट म्हणतात, आणि प्रत्येकाला नंबर असतो. मेल आत आणायची दारं ११०, १४३, ९९३, ९९५ ही. त्या पद्धतींना पॉप आणि आयमॅप म्हणतात. मेल बाहेर पाठवायची पद्धत एसएमटीपी, आणि तिचं जुनं दार २५ नंबरचं. ऑफिसच्या वेशीवर फायरवॉल नावाचा पहारेकरी असतो. कोणतं दार उघडं आणि कोणतं बंद, याची यादी त्याच्या हातात असते. आमच्याकडे ९९३ उघडं होतं आणि २५ बंद. माझं खातं जुनं, त्यात पाठवायचा नंबर २५ घातलेला. म्हणून येणारं येत होतं आणि जाणारं वेशीवर अडत होतं.

आता २५ नंबरवरच एवढा राग का? एसएमटीपीचा नियम जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहिला, आरएफसी ८२१ या नावाने. तेव्हा जाळ्यावर विद्यापीठं आणि संशोधन संस्था, सगळे एकमेकांच्या ओळखीचे. आपल्याकडेही १९८६ मध्ये अर्नेट सुरू झालं ते आठ संस्थांचं मिळून. मुंबईचं एनसीएसटी, पाच आयआयटी, दिल्लीचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि आपल्या बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था. खेड्यात घराला कुलूप लावत नाहीत, तशी ती वस्ती. कोणीही पत्र आणून दिलं तरी सर्व्हर ते पुढे पाठवायचा, तू कोण म्हणून विचारायचा नाही.

मग जाळं सगळ्यांसाठी खुलं झालं. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने ते लोकांना दिलं. वस्ती वाढली तसे भामटेही आले. व्हायरस शिरलेला एखादा कॉम्प्युटर मालकाला पत्ता न लागू देता २५ नंबरच्या दारातून हजारो फसवे मेल पाठवू शकतो. ते मेल जातात ऑफिसच्या पत्त्यावरून. जगात काही संस्था अशा बदनाम पत्त्यांच्या याद्या ठेवतात. स्पॅमहाउस ही त्यांतली एक, १९९८ पासूनची. एकदा त्या यादीत नाव गेलं, की ऑफिसने ग्राहकाला पाठवलेलं साधं बिलसुद्धा परत येतं. एका कॉम्प्युटरपायी सगळ्या ऑफिसची पत बुडते. म्हणून शहाणं ऑफिस २५ नंबर फक्त आपल्या मेल सर्व्हरला देतं आणि बाकी सगळ्यांना बंद करतं. घरी इंटरनेट देणाऱ्या बऱ्याच कंपन्याही हेच करतात.

माणसांनी मेल पाठवायचा तर त्यासाठी वेगळं दार आहे, ५८७ नंबरचं. ते डिसेंबर १९९८ मध्ये आरएफसी २४७६ ने नेमून दिलं. तिथे नाव आणि पासवर्ड दिल्याशिवाय मेल घेत नाहीत. दुसरं ४६५, तिथे पहिल्या शब्दापासून सगळं बोलणं कुलूपबंद. जानेवारी २०१८ च्या आरएफसी ८३१४ ने त्याला पहिली पसंती दिली. २५ हे आता सर्व्हरांचं एकमेकांशी बोलायचं दार आहे, तुमचं आमचं नव्हे. मी मात्र त्याच दारावर आठवडाभर धडका देत बसलो होतो.

आता त्या शुक्रवारकडे परत येतो. संध्याकाळचे पावणेसहा. मला घाम फुटलेला. मी ड्रॉवरमधून केबल काढली. मोबाइल ऑफिसच्या कॉम्प्युटरला जोडायचा, मोबाइलच्या इंटरनेटवरून मेल सोडून द्यायचा, दोन मिनिटांचं काम. तेवढ्यात आमचं नेटवर्क सांभाळणारा मुलगा आला. धारवाडचा, मराठी छान बोलायचा. माझ्या हातातली केबल बघून म्हणाला, "सर, ते नको."

मी म्हणालो, "अरे, एका विधवा बाईच्या पेन्शनचा प्रश्न आहे."

तो म्हणाला, "समजलं सर. पण हा कॉम्प्युटर आतल्या जाळ्यात आहे. त्याला मोबाइल लावला की एक पाय आत, एक बाहेर. बाहेरून काही आलं तर ते फायरवॉलला दिसणारच नाही. आपण भिंत बांधली आणि तुम्ही खिडकी फोडताय."

मी चिडून विचारलं, "पण हे २५ नंबर बंद करायला सांगितलं कोणी?"

तो जरा घुटमळला. मग म्हणाला, "सर, ऑर्डर तुमच्याच सहीची आहे."

खरंच होतं. सहा महिन्यांपूर्वी त्याने आणलेल्या नियमावलीवर मी सही केली होती. पान क्रमांक चार : खासगी मेल ब्राउझरमधून बघायला हरकत नाही, पण ऑफिसच्या यंत्रावरून कोणीही परस्पर एसएमटीपी वापरायचं नाही. न वाचता सही केली, असं म्हणणार नाही. वाचलं होतं. पण ते आपल्यालाही लागू आहे, हे डोक्यात शिरलं नव्हतं.

केबल ड्रॉवरमध्ये गेली. पत्राची मूळ प्रत टेबलावर होती. मोबाइलने तिचा स्वच्छ फोटो काढला आणि मोबाइलवरूनच, मोबाइलच्या इंटरनेटवर पाठवला. ऑफिसचं यंत्र नाही, ऑफिसचं जाळं नाही, कोणाचा नियम मोडला नाही. दोन मिनिटंच लागली. हे मी सोमवारीच करू शकलो असतो. पण शुक्रवारी सहा वाजता पलीकडचं ऑफिस बंद झालं होतं, आणि परत फिरलेली फाइल पुन्हा त्याच टेबलावर यायला अडीच महिने लागले. मागची थकबाकी मिळाली. पण ते अडीच महिने त्या घराने दुकानदाराच्या उधारीवर काढले, हे मला मुलाने नंतर सांगितलं.

मंडळी, तुम्ही शाळेत हिरकणीची गोष्ट ऐकली असेल. रायगडावर दूध घालायला गेलेली गवळण. सकाळी आत सोडलं, संध्याकाळी दार बंद झालं, बाहेर सोडेनात. घरी तान्हं बाळ. शेवटी ती अंधारात कडा उतरून गेली. आपण नेहमी तिचं धाडस सांगतो. फौजी माणूस म्हणून मला गोष्टीचा शेवट जास्त आवडतो. महाराजांनी तिला साडीचोळी दिली, आणि ती जिथून उतरली तिथे बुरूज बांधला. दार बंद ठेवणाऱ्या पहारेकऱ्याला शिक्षा केल्याचं गोष्टीत कुठे नाही. त्याने हुकूम पाळला होता.

मला त्या संध्याकाळी आपण हिरकणी आहोत असं वाटत होतं. पण हिरकणीला दुसरी वाट नव्हती, आणि माझ्या खिशात मोबाइल होता. शिवाय ती गडाची सुरक्षा बघणारी नव्हती. मी होतो.

आता कामाचं बोलतो. मेल अडकला तर काय बघायचं, क्रमाने. वही असेल तर लिहून घ्या.

पहिलं : 'सेंड' दाबल्यावर मेल 'सेंट'मध्ये गेला का 'आउटबॉक्स'मध्ये राहिला, हे डोळ्यांनी बघा. आउटबॉक्समध्ये असेल तर तो तुमच्याच घरात आहे. सेंटमध्ये असेल तर तो तुमच्या सर्व्हरपर्यंत गेला, एवढंच म्हणता येतं. महत्त्वाचं पत्र असेल तर पलीकडच्याला फोन करून विचारा. वायरलेसवर आम्ही निरोप दिला की समोरून पोच येईपर्यंत निरोप पोचला असं धरत नसू. ही सवय मी घरी विसरून आलो होतो.

दुसरं : येणारी चूक वाचा, घाईने बंद करू नका. तिचा फोटो काढून ठेवा. 'टाइम आउट' असं असेल, म्हणजे बराच वेळ थांबून काहीच उत्तर नाही, तर बहुधा फायरवॉल तुमची हाक गिळतो आहे. 'रिफ्यूज्ड' असेल तर कोणीतरी तोंडावर दार लावलं, किंवा त्या दारामागे कोणी बसलेलंच नाही. ५३५ हा आकडा दिसला तर दार उघडं आहे, सर्व्हर भेटला, पण नाव किंवा पासवर्ड त्याला पटला नाही. तिथे फायरवॉलला शिव्या देऊन उपयोग नाही. 'रिले' हा शब्द आला तर सर्व्हर म्हणतोय, तू ओळख न देताच पत्र पुढे पाठवायला सांगतोस. सेटिंगमध्ये 'पाठवतानाही ओळख द्यावी' अशी एक खूण असते, ती करायची राहिली असेल.

तिसरं : जागा बदलून बघा. तेच खातं तुमच्या स्वतःच्या लॅपटॉपवर घरच्या इंटरनेटवरून चालतं का? घरी चाललं आणि ऑफिसात नाही, तर अडचण ऑफिसच्या वेशीवर आहे. दोन्हीकडे नाही, तर अडचण खात्यात आहे. माणसं सकाळपासून पासवर्ड बदलत बसतात. ही एक परीक्षा आधी केली तर निम्मा त्रास वाचतो.

चौथं : नंबर बघा. पाठवायच्या सर्व्हरपुढे २५ लिहिलं असेल तर ५८७ करा आणि सुरक्षेच्या जागी 'स्टार्टटीएलएस' निवडा. किंवा ४६५ करा आणि 'एसएसएल/टीएलएस' निवडा. नंबर एकाचा आणि सुरक्षा दुसऱ्याची, अशी जोडी जमत नाही. दार उघडं आहे का हे तपासायला टेलनेट नावाची जुनी सोय आहे. सर्व्हरचं नाव आणि ५८७ दिलं की २२० ने सुरू होणारी ओळ आली पाहिजे. आली, की वाट मोकळी. ४६५ वर मात्र ती ओळ अशी दिसणार नाही, कारण तिथलं बोलणं पहिल्यापासून कुलूपबंद. ऑफिसच्या यंत्रावर हे स्वतः करू नका, आयटीवाल्याला करायला सांगा.

एक गंमत सांगतो. सिस्कोच्या जुन्या पिक्स फायरवॉलमध्ये मेलचं बोलणं तपासायची एक सोय होती. २२० च्या ओळीतली बरीचशी अक्षरं ती झाकून तिथे फुल्या टाकायची, आणि 'स्टार्टटीएलएस' हा शब्द ओळखीचा नाही म्हणून त्यावरही काट मारायची. मग मेलचा प्रोग्राम म्हणायचा, हा सर्व्हर कुलूप लावू शकत नाही. दार उघडं, सर्व्हर धडधाकट, पासवर्ड बरोबर, आणि तरी मेल जात नाही! आमची पत्रं सेन्सॉर व्हायची तसंच हे. अशा वेळी दोष तुमच्याकडे नसतो, पण तो शोधणं तुमचंही काम नसतं.

पाचवं : पासवर्ड. गुगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी नुसत्या नेहमीच्या पासवर्डने बाहेरच्या प्रोग्रामला आत घेणं बंद केलं. प्रोग्रामने गुगलच्याच पानावरून तुमची परवानगी घ्यायची, हा एक मार्ग. किंवा दोन टप्प्यांची ओळख चालू करून सोळा अक्षरांचा 'ॲप पासवर्ड' घ्यायचा, हा दुसरा. बरेच ज्येष्ठ लोक इथेच अडकतात आणि दोष ऑफिसला देतात.

सहावं : सर्टिफिकेटबद्दल इशारा आला तर 'चालू दे' म्हणून पुढे जाऊ नका. काही ऑफिसांत जाणारं-येणारं कुलूपबंद बोलणं मधेच उघडून तपासतात, त्यामुळे असा इशारा येतो. पण चोर मधे बसला असेल तरीही तोच इशारा येतो. तुम्हाला फरक कळणार नाही. थांबा आणि विचारा.

आणि शेवटचं : हे सगळं करून कळलं की वेशीवरच अडवलंय, तर चोरवाट काढू नका. ऑफिसच्या यंत्राला मोबाइल जोडणं, कुठूनतरी व्हीपीएन उतरवून घेणं, हे सगळं नोंदीत दिसतं. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार कंपन्यांना या नोंदी १८० दिवस ठेवाव्याच लागतात. पण पकडले जाल म्हणून नको, असं मी म्हणत नाही. त्या भिंतीआड तुमच्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाचा पगार आणि कागदपत्रंही आहेत, म्हणून नको. स्वतःचा फोन वापरा, ऑफिसची मुभा असेल तर ब्राउझरमधून पाठवा, नाहीतर आयटीवाल्याकडे जा आणि सरळ सांगा की मला हे पाठवायचं आहे, वाट कोणती.

आम्ही मग काय केलं तेही सांगतो. धारवाडच्या त्या मुलाने आणि मी बसून नियम पुन्हा लिहिला. पाहुण्यांसाठी जे वेगळं वाय-फाय होतं, त्यावर ५८७ आणि ४६५ उघडले. लोकांनी स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या लॅपटॉपवरून तिथून खुशाल मेल पाठवावा. २५ सगळ्यांना बंदच. आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ९९३ उघडं राहिलं होतं, तेही बंद केलं, कारण अर्धी उघडी वाट माणसाला फसवते. मी फसलो तो त्यामुळेच. मग हे सगळं सोप्या भाषेत एका कागदावर लिहून पँट्रीत चहाच्या यंत्रावर लावलं, कारण पान क्रमांक चार कोणी वाचत नाही.

एक काम मात्र त्याच शुक्रवारी रात्री केलं. त्या मुलाला फोन केला. म्हणालो, "बाळ, तू नीटच बघितलं होतंस. पत्र माझ्याकडेच पडलं होतं. चूक माझी." तो म्हणाला, "असू दे साहेब." मग मी म्हणालो, "आईला दे फोन." आणि त्यांनाही तेच सांगितलं. त्या म्हणाल्या, "साहेब, तुम्ही पत्र लिहिलंत ना, मग येईल कधीतरी." मला त्यावर काही बोलता आलं नाही.

तेव्हा मंडळी, आज घरी गेल्यावर एकदा आउटबॉक्स उघडून बघा. एखादं पत्र पडलेलं सापडलं, तर आधी त्या माणसाला फोन करा, मग सेटिंग दुरुस्त करा.

जय हिंद.